तिथं गाडी बदलावी लागते

कवळीवाल्याला कुणी सहज म्हटलं, "काय, बरं आहे ना?" तर तो म्हणायचा, "बरं नसलं तर तुम्ही काय करणार आहात?" आता अशा माणसाशी बोलायचं तरी काय! पण सकाळच्या गाडीतली माणसं त्याच्याशी बोलायची, त्याचं ऐकूनही घ्यायची, कारण त्याच्यावाचून त्यांचं पान हलत नव्हतं. ते कसं, ते आधी सांगायला हवं.

धंदा त्याचा दातांचा. डॉक्टर नव्हे; डॉक्टर म्हटलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. शहरातले दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा घेऊन पाठवत आणि हा एका मालकाच्या लॅबमध्ये, जुन्या इमारतीतल्या मागच्या खोलीत बसून त्यावरून कवळी करी. आधी प्लास्टरचा जबडा ओतायचा, त्यावर मेणात एकेक दात बसवायचा, मग मेण काढून गुलाबी हिरडी भरायची, आणि शेवटी मशिनवर धरून चकचकीत करायची. खोलीत सगळीकडे पांढरी धूळ. फळीवर जबडेच जबडे, आणि प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीने डॉक्टरचं नाव. जन्मभर लोकांच्या तोंडचे दात करून एकाही माणसाचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं, आणि त्याबद्दल त्याला कधी वाईटही वाटलं नव्हतं. तोंडं काय पाहायची? तोंडं बोलतात.

काम शहरात, पण घर पलीकडे. म्हणजे शेजारच्या राज्यात. शहर अगदी हद्दीला टेकून वाढलेलं. इकडे जागा संपली तसे लोक पलीकडच्या गावात राहायला गेले. मोठमोठ्या शहरांचं हे असंच असतं. पण काही ठिकाणी दोन राज्यांची सरकारं शहाण्यासारखी बसून बोलतात आणि एकच गाडी सरळ ये-जा करते. इथं तसं झालं नाही. इथली दोन्ही सरकारं म्हणजे भाऊबंदकीतले भाऊ. आमची गाडी तुमच्या हद्दीत येणार नाही, तुमची आम्ही येऊ देणार नाही! झालं. हद्दीवर एक स्टेशन बांधलं. पलीकडून येणारी गाडी तिथं संपायची आणि शहराची गाडी तिथून सुरू व्हायची.

त्या स्टेशनाचा फलाट एकच, पण त्याच्यावर मधोमध आडवी पिवळी रेघ. रेघेच्या अलीकडची फरशी एका रेल्वेची, पलीकडची दुसरीची. एकीकडे छप्पर, दुसरीकडे नाही. एकीकडचे बाक निळे, दुसरीकडे बाकच नाहीत. येणारी गाडी या टोकाला थांबणार, जाणारी त्या टोकाला उभी. आणि दोघांची वेळापत्रकं दोन ऑफिसांत दोन शहाण्यांनी केलेली. एकाची गाडी यायची आणि दुसऱ्याची सुटायची वेळ जवळपास एकच. उतरलेला माणूस फलाटाच्या निम्म्यावर पोचेपर्यंत तिकडे दरवाजे बंद. पुढची गाडी अर्ध्या तासाने. आणि साहेब लोक काय थोडेच ऐकून घेतात की बाबा, दोन राज्यांचं पटत नाही म्हणून उशीर झाला!

तर या सगळ्यावर कवळीवाल्याने एक उपाय काढला होता. पलीकडच्या गाडीत तो सगळ्यांत पुढच्या डब्याच्या दाराशी उभा राहायचा. गाडी थांबली रे थांबली की उडी टाकून पळत सुटायचा, रेघ ओलांडून शहराच्या गाडीच्या शेवटच्या डब्याचं दार गाठायचा आणि दार मिटायच्या आत त्यात आपला उजवा पाय घालायचा. दार पायावर आदळायचं, पुन्हा उघडायचं. पुन्हा मिटायचं, पुन्हा आदळायचं. दार मिटल्याशिवाय गाडी हलत नाही. तोवर मागची सगळी मंडळी, ती इस्पितळातली नर्सबाई, तो नळ दुरुस्तीवाला, बँकेतल्या दोघीतिघी, आरामात चालत यायची आणि आत बसायची. शेवटचा माणूस आत आला की कवळीवाला पाय काढून घ्यायचा.

किती वर्षं हे चाललं होतं कुणास ठाऊक. लोक पळायचंच विसरून गेले होते. आभार वगैरे मानायची सोय नव्हती. नर्सबाईने एकदा म्हटलं, "तुमचे उपकार हो," तर हा गुरगुरला, "तुमच्यासाठी नाही घातलाय, मला जायचंय म्हणून घातलाय." खोटं बोलत होता. स्वतःपुरतं जायचं असतं तर नुसतं चढला असता की.

शहराच्या गाडीचा गार्ड होता, त्याला सगळे शिट्टीवाला म्हणत. त्याचं आणि कवळीवाल्याचं म्हणजे साप-मुंगूस. रोज शिट्टी फुंकून फुंकून त्याचे गाल दुखायचे आणि हा पाय काही काढायचा नाही. "काढा तो पाय!" शिट्टीवाला ओरडायचा. "आधी तुमच्या साहेबाला वेळापत्रक वाचायला शिकवा!" कवळीवाला ओरडायचा. "एक दिवस मोडेल!" "तुमच्या बापाचा नाही ना मोडणार?" असं रोज. दोघांचीही त्याशिवाय सकाळ व्हायची नाही.

एकदा नळवाल्याने विचार केला, म्हाताऱ्याचा पाय किती दिवस टिकणार, आपण तरणेताठे आहोत. तो पुढे पळाला आणि दारात आपली हत्यारांची बॅग घातली. बॅग घसरली, दार मिटलं, पट्टा आत अडकला, आणि निम्मे लोक राहिले. कवळीवाल्याने भर फलाटावर त्याचे वाभाडे काढले. "बॅग घालतोय! अक्कल गहाण टाकलीस का? हे पोरासोरांचं काम आहे? पुन्हा कुणी मध्ये लुडबूड केली तर याद राखा!" तेव्हापासून दुसऱ्या कुणी त्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही.

असा हा माणूस. घरात एकटा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि एकुलती एक मुलगी लग्न होऊन लांब दुसऱ्या एका मोठ्या शहराकडे गेली होती. तिचं सासरही, योगायोग बघा, शहरात नव्हे तर शहराला लागून असलेल्या दुसऱ्या राज्यातल्या उपनगरात. जावई जहाजावर नोकरीला, वर्षवर्ष बाहेर. घरात मुलगी, तिची तीन वर्षांची चिमणी आणि सासरे.

हे सासरे, म्हणजे कवळीवाल्याचे व्याही, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. बोलणं गोड, कपडे इस्त्रीचे, आणि या वयात तोंडातले बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. कवळीवाल्याचा त्यांच्यावर राग होता त्याचं पहिलं कारण हे दातच असावेत. दुसरं कारण त्यांची गाडी.

"आमच्याकडे हद्द कधी गेली कळतसुद्धा नाही हो," व्याही फोनवर सांगायचे. "दोन्ही राज्यांनी मिळून एकच कंपनी केली. एक गाडी, एक तिकीट. चिमणी इथं झोपते ती शहरातच उठते. तुमच्याकडे म्हणे मध्ये उतरावं लागतं?"

"उतरतो," कवळीवाला म्हणायचा. "सारखं बसून माणसाला मूळव्याध होते. आमच्याकडे मध्ये पाय मोकळे होतात."

"पण गाडी चुकली तर?"

"आमच्याकडे चुकत नाही. तुमच्याकडची माणसं चुकवत असतील."

असं दर रविवारी. एकाने म्हणायचं आमच्या डब्यात गाद्या आहेत, दुसऱ्याने म्हणायचं आमच्या खिडक्या उघडतात. मुलगी मध्ये फोन घेऊन म्हणायची, "पुरे झालं हं दोघांचं." तिला हसू यायचं. तोवर सगळं हसण्यावारी चाललं होतं.

मग मुलीच्या ऑफिसने तिला विचारलं, की शहरं दोन आहेत, दोन्हीकडे आपली शाखा आहे. पुढची काही वर्षं तू कुठे राहणार ते आत्ताच सांग. एक शहर सासऱ्यांचं, एक बापाचं. तिने कवळीवाल्याला फोन केला.

"बाबा, तुमच्याकडून रोज शहरात जायला जमेल का हो मला? चिमणीला सकाळी पाळणाघरात सोडून? गाडी कशी आहे, खरं सांगा."

आता इथे या गृहस्थाने काय म्हणावं? रिकाम्या खोलीकडे बघत उभा होता. चिमणीला त्याने दोनदाच पाहिलं होतं. पोर आपल्या घरात हिंडेल, त्याच्या चपला उचलून पळेल, हे सगळं डोळ्यांसमोर आलं असणार. आणि तोंडातून काय निघालं? "गाडी लोण्यासारखी जाते. फलाट एकच, समोर उभीच असते. चालत जायचं नि बसायचं."

मुलगी म्हणाली, "मग मी एकदा येऊन बघते. सोमवारी शहरातल्या साहेबांना सकाळी भेटायचं आहे, त्याच गाडीने जाऊ. पपापण येतायत चिमणीला सांभाळायला."

पपा म्हणजे व्याही. कवळीवाल्याने फोन ठेवला आणि घराच्या भिंतींना शिव्या दिल्या.

शुक्रवारी तो शिट्टीवाल्याकडे गेला. आपण होऊन, तोंड बंद ठेवून, सरळ त्याच्या खिडकीपाशी. शिट्टीवाला दचकलाच.

"सोमवारी सकाळी गाडी जरा थांबवा," कवळीवाला म्हणाला.

"का?"

"थांबवा म्हणतोय ना."

"अहो पण का? कुणी आजारी आहे? कुणी येणार आहे?"

एका वाक्याचं काम होतं. माझी लेक येणार आहे, नातीला घेऊन. शिट्टीवाल्यालाही लेकीबाळी होत्या. त्याने थांबवलीही असती, सांगता येत नाही. पण सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. कवळीवाला म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय?"

"मग मला तरी काय करायचंय," असं म्हणून शिट्टीवाल्याने खिडकी लावून घेतली.

रविवारी पाहुणे आले. व्याह्यांनी घर पाहिलं, जिन्याचं कौतुक केलं, नळाला पाणी चांगलं येतं म्हणाले. कवळीवाल्याला प्रत्येक कौतुकात टोमणा दिसत होता. चिमणी मात्र कवळीवाल्याच्या मांडीवर बसली आणि त्याने खिशातून आणलेला प्लास्टरचा दात हातात घेऊन झोपून गेली. तो तसाच अवघडून बसून राहिला. पायाला मुंग्या आल्या तरी हलला नाही.

मुलीने पाहिलं की चालताना बाबा लंगडतात. "पायाला काय झालंय?"

"संधिवात," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी गाडीत गर्दी नव्हती. चिमणी, पिशव्या आणि व्याही म्हणून सगळे मधल्या डब्यात बसले. पुढच्या दारापाशी जायचं कवळीवाल्याच्या मनात दहा वेळा आलं. पण जायचं तर काय सांगून? की मी आता पळत जाऊन दारात तंगडी घालणार आहे, तुम्ही मागून या? व्याह्यांसमोर? त्यापेक्षा मेलेलं बरं. त्याने मनात हिशेब केला: एक दिवस दुसरा कुणी घालेल. इतकी वर्षं पाहतायत, तेवढी अक्कल आली असेल. नळवाला आहे. नाहीतर बँकेतल्या त्या आहेतच.

गाडी थांबली. कवळीवाला उतरला, शांतपणे, एखाद्या लग्नाच्या वऱ्हाडातल्या मानकऱ्यासारखा. चिमणीचा हात धरला. "हं, ही बघा आपली गाडी, समोर," तो व्याह्यांना म्हणाला. "काही घाई नाही. सावकाश चला."

आणि सगळे सावकाश चालले. नर्सबाई सावकाश चालली, कारण ती रोजच सावकाश चालायची. बँकेतल्या दोघी गप्पा मारत चालल्या. नळवाला मोबाईल बघत चालला. पाय आहेच दारात, असं प्रत्येकाने धरलेलं. अहो, डोकं वर करून बघायला काय जात होतं? पण रोजच्या गोष्टीकडे कोण बघतं! सगळा फलाट जणू फिरायला निघाला होता, आणि रेघेपर्यंत पोचतात न पोचतात तोच दारं मिटली.

एकदाच मिटली. पुन्हा उघडली नाहीत.

शिट्टीवाला शेवटच्या खिडकीतून वाकून बघत होता. त्याने दारात पाय शोधला, मग वर बघितलं, तेव्हा त्याला कवळीवाला दिसला, हातात पोर, बाजूला इस्त्रीचे कपडे घातलेले गृहस्थ. त्याने एक मोठी, लांबलचक शिट्टी मारली आणि हात हलवला. इतक्या वर्षांचं व्याज वसूल केलं बेट्याने. गाडी गेली.

क्षणभर फलाटावर कुणाला काही कळेचना. मग नर्सबाई फिरली.

"कवळीवाले! पाय कुठे होता तुमचा?"

"माझी आठची ड्यूटी आहे, आता मेट्रन मला खाईल!" "आम्ही शाखा उघडणारे, बाहेर लोक उभे राहतील!" "नाही घालायचा तर आधी सांगायचं तरी!" सगळे एकदम त्याच्यावर धावले. उपकार मानायला कुणी नव्हतं, पण जाब विचारायला सगळे हजर. आणि नळवाला? त्याने तर जुनी उधारीच काढली. "मला बॅगेवरून भर फलाटावर वाट्टेल ते बोललात ना? आता तुमच्या पायाला काय झालं? मेंदी लावलीत का?"

"तू गप रे!" कवळीवाला ओरडला. "सगळे फुकटे! इतकी वर्षं माझ्या जिवावर बसून गेलात. एकाला पळता येत नाही? तंगड्या काय भाड्याने दिल्यात?"

"पाय? कसला पाय?" व्याही विचारू लागले.

मग नर्सबाईनेच सांगितलं, संतापाच्या भरात, सगळं, अगदी पहिल्यापासून. पळणं, दार, आदळणं, शिव्या. सांगता सांगता तिचाच आवाज खाली आला. आपण काय सांगतोय ते तिला तेव्हाच कळलं असावं. "रोज," ती म्हणाली. "थंडीतसुद्धा."

मुलगी खाली वाकली. भर फलाटावर तिने बापाच्या पॅन्टची कड वर केली. घोट्याच्या वर कातडी काळीनिळी पडली होती, जुन्यावर नवं आणि नव्यावर आणखी नवं, हाताने धरलं तर हाड टोचेल असं.

"अहो, बसा, बसा आधी," व्याही म्हणाले आणि त्यांनी खरोखर मनापासून त्याचा हात धरला. "या वयात असं करतात का? आम्हाला कळलं असतं तर आम्ही विषयच काढला नसता."

व्याही हसले असते तर कवळीवाल्याने सहन केलं असतं. ही कीव नाही सहन झाली. "हात सोडा! तुमची सरळ गाडी तुमच्याजवळ ठेवा. बसायला कुणी सांगितलं मला? मी काय म्हातारा झालोय?" चिमणी घाबरून रडायला लागली आणि धावत व्याह्यांकडे गेली. कवळीवाल्याकडे नाही, त्या दुसऱ्या आजोबांकडे. त्याला ते दिसलं.

मुलगी उभी राहिली. तिच्या साहेबांची वेळ आता चुकणार होती, पण ती बापाकडेच वळली.

"बाबा, गाडी वाईट आहे हे मला ऑफिसातल्या चार जणांनी आधीच सांगितलं होतं. मी गाडी बघायला आलेच नव्हते." ती रडली नाही, बापाचीच लेक ती. "‘गाडी वाईट आहे, तरी ये’, एवढं म्हणाला असतात ना, तर मी आले असते. रोज अर्धा तास फलाटावर बसले असते. अजूनही म्हणा. मी ऐकतेय."

नर्सबाई, बँकवाल्या, नळवाला, सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. व्याह्यांनी चिमणीला उचलून घेतलं होतं आणि तेही बघत होते. एकच अक्षर होतं हो! ये. नुसतं ये. लहान पोरांना येतं म्हणता.

कवळीवाल्याचा जबडा हलला. मग तो म्हणाला, "मला काय करायचंय? तुझं तू बघ. तिकडे सरळ गाडी आहे ना, मग जा तिकडेच."

"बरं," मुलगी म्हणाली.

पुढच्या गाडीने ती शहरात गेली, साहेबांना भेटली आणि इकडची जागा नको म्हणून सांगून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले तेव्हा कवळीवाला कामावर गेला होता. कुणाला पोचवायला वगैरे जायची त्याला सवय नव्हती, असं तो लॅबच्या मालकाला म्हणाला, मालकाने काही विचारलेलं नसताना.

त्या दिवशी त्याने तीन कवळ्या बिघडवल्या. संध्याकाळी घरी आला, दिवा लावला, आणि मुलीचा नंबर फिरवला. ये म्हणायचं होतं. जिन्यात त्याने ते दोनदा म्हणून पाहिलं होतं, मोठ्याने, नीट. शेजारच्या बाईने दार उघडून बघितलंसुद्धा.

फोन व्याह्यांनी घेतला. "बोला, बोला व्याहीबुवा! ती चिमणीला भरवतेय."

"पोचलात?" कवळीवाला म्हणाला.

"पोचलो की. गाडी अगदी वेळेवर."

"असणारच."

पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता आणि चिमणी काहीतरी नको नको म्हणत होती.

"तिला देऊ का फोन?" व्याह्यांनी विचारलं. चांगला माणूस होता तो, काही म्हणा. "देतो ना, थांबा."

"नको," कवळीवाला म्हणाला. "काही काम नाही. गाडीचंच विचारायचं होतं."

त्याने फोन कानावरून काढला, पण बंद करायला बटण सापडेना. त्यातून मुलीचा आवाज आला, लांबून, "कोण होतं, पपा?"

"तुझे बाबा," व्याही म्हणाले. "गाडी वेळेवर होती का, ते विचारत होते."